दहा जणांत एक विमान : फ्लाइंग क्लब उभा राहतो कसा?

प्रतिनिधी, पनवेल

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. पनवेल तालुक्याच्या भूमीवर ३,७०० मीटर लांबीची धावपट्टी आली आणि विमान हा या परिसरात रोजच्या बोलण्यातला विषय झाला. विमानतळामुळे जमिनीचे भाव, नोकऱ्या, वाहतूक यांची चर्चा भरपूर होते. एक प्रश्न मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहतो. ज्याला विमान कंपनीत नोकरी नको आहे, पण स्वतःच्या हाताने लहान विमान चालवायचे आहे, त्याने काय करायचे? वैमानिकाचा परवाना मिळवता येतो. विमान कुठून आणायचे, ठेवायचे कुठे आणि त्याचा खर्च पेलायचा कसा?

जगभरात या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे, ते म्हणजे सामायिक फ्लाइंग क्लब. आठ-दहा खासगी वैमानिक एकत्र येतात, एक विमान विकत घेतात, त्याचा खर्च वाटून घेतात आणि पाळीपाळीने ते उडवतात. कल्पना साधी आहे. प्रत्यक्षात मात्र असे क्लब विमानाच्या किमतीमुळे क्वचितच मोडतात. बहुतेक वेळा ते मोडतात ते जागा, शिस्त आणि हिशेब या तीन गोष्टींवर. भारतात, विशेषतः मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात, या तिन्हींपैकी पहिलीच गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे.

छंदाचा परवाना

वैमानिकांचे परवाने अनेक प्रकारचे असतात. पगार घेऊन विमान चालवायचे तर व्यावसायिक वैमानिक परवाना लागतो आणि त्यासाठी किमान २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव मागितला जातो. छंद म्हणून उडणाऱ्यासाठी खासगी वैमानिक परवाना पुरतो. त्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात, दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि किमान ४० तासांचे उड्डाण करावे लागते. त्यापूर्वीची पायरी म्हणजे विद्यार्थी वैमानिक परवाना. तो वयाच्या १६ व्या वर्षापासून मिळू शकतो.

परवान्यासोबत वैद्यकीय तपासणी येते. हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि विमान व इंजिन यांची लेखी परीक्षा येते. नियंत्रण कक्षाशी बोलण्यासाठी रेडिओ दूरध्वनीचा वेगळा परवाना लागतो. हे सारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या अखत्यारीत चालते. १९३४ च्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ या कायद्याने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे.

खासगी परवान्याची एक मर्यादा आरंभीच लक्षात घ्यावी लागते. हा परवानाधारक विमानाचा मुख्य वैमानिक होऊ शकतो, सोबत कुटुंबीय किंवा मित्र नेऊ शकतो. परंतु त्याबद्दल मोबदला घेऊ शकत नाही. सामायिक क्लबची सारी घडी या एका अटीभोवती बसवावी लागते.

परवाना मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. उड्डाण हे पोहण्यासारखे कायमचे अंगवळणी पडणारे कौशल्य नाही. सराव तुटला की हात जड होतो, निर्णय मंदावतात. ज्याने परवान्यासाठी ४० तास खर्च केले आणि नंतर वर्षभर विमानाला हात लावला नाही, तो कागदावर वैमानिक असला तरी आकाशात नवशिकाच असतो. नियमित उडण्यासाठी परवडणारे विमान हाताशी असणे ही म्हणूनच चैनीइतकीच सुरक्षिततेचीही बाब आहे.

क्लबांतून सुरू झालेले भारतीय उड्डाण

फ्लाइंग क्लब ही भारताला परकी कल्पना नाही. उलट, या देशातील नागरी उड्डाणाचा पाया क्लबांनीच घातला. १९२७ मध्ये एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर सरकारी साहाय्याने मोठ्या शहरांत क्लब सुरू झाले. १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली आणि जुहूच्या मैदानावर त्याचे बस्तान बसले. याच क्लबमध्ये शिकलेल्या २४ वर्षांच्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले आणि पुढे एअर इंडिया बनलेल्या विमानसेवेचा आरंभ झाला.

त्या काळच्या क्लब-संस्कृतीची चव सांगणारी एक घटना प्रसिद्ध आहे. इंग्लंड-भारत एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. १९३० मध्ये टाटा भारतातून निघाले आणि तरुण ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून निघाले. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा इंजिनिअर यांचे विमान स्पार्क प्लगअभावी अडले होते. टाटांनी आपल्याकडचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. पारितोषिक इंजिनिअर यांना मिळाले. पुढे तेच भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू बदलले. क्लबांना अनुदान मिळत होते ते वैमानिक घडवण्यासाठी. साहजिकच सभासदांनी मौजेने उडण्याच्या जागा, अशी त्यांची ओळख पुसट होत गेली आणि नोकरीसाठी तास भरून घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळा, हे रूप ठळक झाले. विमान कंपन्यांची मागणी वाढली तसा हा कल पक्का झाला. २०२३ या एकाच वर्षात डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. नावात ‘क्लब’ असलेल्या बहुतेक भारतीय संस्था आज प्रत्यक्षात मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण संस्था आहेत. युरोप-अमेरिकेत ‘फ्लाइंग क्लब’ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते, म्हणजे परवानाधारक सभासदांनी मिळून चालवलेले एखाद-दुसरे विमान, तो प्रकार आपल्याकडे फारसा रुजलाच नाही.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. कोणाला उड्डाण शिकवायचे असेल तर डीजीसीएची प्रशिक्षण संस्था म्हणून मान्यता, मुख्य प्रशिक्षक, नियमपुस्तिका, वर्गखोल्या, तपासण्या असा मोठा व्याप उभारावा लागतो. केवळ परवानाधारकांनी आपले विमान आपणच उडवायचे असेल तर व्याप लहान असतो. पण मग त्या विमानावर नवख्याला शिकवून शुल्क घेता येत नाही. आपल्याला शाळा काढायची आहे की सामायिक विमान ठेवायचे आहे, हा निर्णय पहिल्या बैठकीतच व्हावा लागतो.

आधी धावपट्टी, मग विमान

नवा क्लब काढणारे बहुधा विमानाच्या जाहिराती पाहण्यापासून सुरुवात करतात. अनुभवी मंडळी उलट सल्ला देतात : आधी विमान ठेवायची जागा पक्की करा. पनवेलच्या बाबतीत तर या सल्ल्याला पर्यायच नाही.

घराजवळच विमानतळ आहे, मग अडचण काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण वेगाची आहे. छंदी वैमानिकांत लोकप्रिय असलेले चार आसनी सेसना १७२ उतरताना ताशी साधारण १२० किलोमीटर वेगाने येते. त्याच धावपट्टीवर येणारे एअरबस ए-३२० ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असते. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे जोरदार भोवरे तयार होतात आणि त्यांत सापडलेले हलके विमान उलथू शकते. त्यामुळे दोघांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे लागते. एक लहान विमान येऊन जाईपर्यंत मोठ्या विमानांची रांग थांबवावी लागते. धावपट्टीभोवती घिरट्या घालून पुन्हा पुन्हा उतरण्याचा सराव हा खासगी वैमानिकाचा प्राण. पण गर्दीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर तो व्यवहार्य नाही. शिवाय उतरण्याचे, उभे राहण्याचे आणि जमिनीवरील सेवांचे शुल्क असतेच.

जुहूचा विमानतळ आजही आहे. परंतु त्याचा वापर आता प्रामुख्याने हेलिकॉप्टरसाठी होतो. सांताक्रूझच्या मुख्य धावपट्ट्या तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने जुहूवर इतिहास घडवला, त्यालाही आपले उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला न्यावे लागले. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांच्या विमानाची डीजीसीएकडे २०१७ मध्ये नोंदणी झाली. मात्र त्याच्या चाचण्यांसाठी त्यांनाही धुळ्याचीच धावपट्टी गाठावी लागली.

पनवेलहून धुळे रस्त्याने सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे. बारामती त्याहून जवळ, पण पुणे ओलांडून जावे लागते. पुण्यातील लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. म्हणजे पनवेलमधील सभासदाला तासभर उडण्यासाठी जाण्या-येण्यात अख्खा दिवस, कदाचित एक मुक्कामही मोजावा लागतो. क्लबच्या नियोजनात हा प्रवास धरला नाही तर पहिल्या उत्साहानंतर विमान हँगरमध्येच उभे राहते.

विमान उभे राहणे ही साधी गोष्ट नाही. पिस्टन इंजिन न चालवता ठेवले तर आतल्या भागांवर ओलावा बसतो आणि गंज धरतो. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हा धोका अधिक. त्यामुळे उघड्यावर ताडपत्री टाकून विमान ठेवण्याचा विचार येथे करू नये. हँगर ही विमानाइतकीच आवश्यक वस्तू आहे.

इंधनाचाही प्रश्न जागेशी जोडलेला आहे. बहुतेक लहान पिस्टन विमानांना एव्हगॅस नावाचे विशेष पेट्रोल लागते. जेट विमानांचे इंधन त्यांना चालत नाही. वर्षानुवर्षे एव्हगॅस आयात होत असे. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये वडोदऱ्याजवळील गुजरात रिफायनरीत तयार झालेले एव्हगॅस बाजारात आणले आणि ही अडचण काहीशी कमी झाली. तरीही प्रत्येक लहान धावपट्टीवर ते मिळेलच असे नाही. जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिने असलेली लहान विमानेही आता मिळतात. मात्र त्यांची किंमत अधिक असते. निवडलेल्या धावपट्टीवर कोणते इंधन मिळते, यावरून विमान निवडणे शहाणपणाचे ठरते.

सोसायटीसारखा हिशेब

पैशांचे गणित शहरी वाचकाला अनोळखी वाटू नये, कारण ते सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबासारखेच आहे. सोसायटीत घर घेताना एकदा रक्कम भरावी लागते, दरमहा देखभाल शुल्क द्यावे लागते, पाण्याचे बिल वापराप्रमाणे येते आणि इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सिंकिंग फंड साठवला जातो. फ्लाइंग क्लबमध्येही हेच चार कप्पे असतात.

पहिला कप्पा भागाचा. विमानाची खरेदी किंमत सभासदांच्या संख्येने भागली की प्रत्येकाचा हिस्सा निघतो. दुसरा कप्पा मासिक वर्गणीचा. हँगरचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी हे खर्च विमान उडो वा न उडो, होतातच. तिसरा कप्पा तासाच्या दराचा. इंधन, तेल, टायर, तासांवर ठरलेली देखभाल हे सारे वापराबरोबर वाढते. सेसना १७२ ताशी साधारण ३० ते ३५ लिटर इंधन पिते. चौथा आणि सर्वाधिक दुर्लक्षित कप्पा इंजिनाच्या निधीचा.

स्थिर खर्चाचे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. केवळ समजण्यासाठी असे धरू, की एका क्लबचा वार्षिक स्थिर खर्च १२ लाख रुपये आहे. दहा सभासद असतील तर प्रत्येकाची वर्गणी महिन्याला १० हजार रुपये होते. विमान वर्षात १०० तास उडाले तर ताशी स्थिर खर्चाचा बोजा १२ हजार रुपये पडतो. तेच विमान ३०० तास उडाले तर तो ४ हजारांवर येतो. विमान तेच, हँगर तेच, विमा तोच. फरक पडतो तो वापराने. याचा अर्थ असा, की क्लबचे हित कमी उडणाऱ्या श्रीमंत सभासदांपेक्षा नियमित उडणाऱ्या मध्यम ऐपतीच्या सभासदांत असते.

इंजिनाचा निधी का हवा, हेही उदाहरणाने पाहता येते. लहान विमानांच्या अनेक इंजिनांना साधारण २,००० तासांनी पूर्ण उघडून नूतनीकरण करण्याची शिफारस असते. त्याचा खर्च ३० लाख रुपये धरला तर प्रत्येक तासामागे १,५०० रुपये बाजूला काढावे लागतात. सुरुवातीला दर कमी दिसावा म्हणून हा निधी टाळला, तर ८०० तासांनंतर क्लब १२ लाखांनी मागे असतो आणि ते कोणाच्या लक्षातही आलेले नसते. मग मधल्या काळात स्वस्तात उडून गेलेला सभासद भाग विकून मोकळा होतो आणि नव्याने आलेल्याच्या गळ्यात इंजिन पडते. सिंकिंग फंड न ठेवणाऱ्या जुन्या इमारतीत गिळता येत नाही आणि टाकता येत नाही अशी जी अवस्था होते, तीच येथेही होते.

करांचा भारही आधी मोजावा. वस्तू व सेवा कराच्या २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या दरांत व्यक्तिगत वापराच्या विमानांवरील कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. परदेशातून विमान आणायचे तर डीजीसीएची पूर्वपरवानगी आणि सीमाशुल्काचे सोपस्कार असतात. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरील विमानाची किंमत पाहून तिला रुपयांत गुणले, की खरेदीचा आकडा मिळाला, असा भाबडा हिशेब करून चालत नाही. भारतातच नोंदलेले आणि चांगल्या स्थितीतील वापरलेले विमान मिळाले तर आयातीची वाट टळते. मात्र त्याची जुनी देखभाल-नोंदवही तज्ज्ञाकडून पानन् पान तपासून घ्यावी लागते. नोंदवही अपुरी असेल तर स्वस्त विमानही महाग पडते.

कायद्याची चौकट

क्लब कोणत्या रूपात नोंदवायचा, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालील संस्था, कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी, किंवा मोजक्या सहमालकांचा लेखी करार असे मार्ग विचारात घेता येतात. प्रत्येक भारतीय विमानाला ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी मिळते आणि तिच्यावर मालकाचे नाव असते. अपघात झाला तर जबाबदारीचा पहिला प्रश्न त्या नावाला विचारला जातो. कंपनीसारखी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती मालक असेल तर सभासदाची वैयक्तिक मालमत्ता काही प्रमाणात सुरक्षित राहते आणि सभासद बदलले तरी नोंदणी बदलावी लागत नाही. लेखी करारावरची सहमालकी सुटसुटीत, पण प्रत्येक भाग-विक्रीबरोबर कागद नव्याने करावे लागतात.

विमान खासगी वर्गात नोंदले असेल तर ते भाड्याने वा मोबदल्यासाठी वापरता येत नाही. सभासदाने आपल्या उड्डाणाचा खर्च क्लबमध्ये भरणे वेगळे आणि बाहेरच्या माणसाकडून लोणावळ्यावरून फेरी मारून आणण्याचे पैसे घेणे वेगळे. पहिली गोष्ट मालकांनी आपला खर्च वाटणे आहे, दुसरी व्यवसाय आहे. इतर देशांनी ही रेषा आकड्यांत आखली आहे. ब्रिटनमध्ये सामायिक मालकीच्या विमानाला खासगी समजण्यासाठी प्रत्येक सहमालकाचा हिस्सा किमान ५ टक्के असावा लागतो, म्हणजे जास्तीत जास्त २० जण. अमेरिकेत खासगी वैमानिकाला इंधन, तेल, विमानतळ शुल्क आणि विमानाचे भाडे एवढाच खर्च प्रवाशांबरोबर वाटता येतो आणि त्यांत स्वतःचा समान वाटा त्याला उचलावाच लागतो. भारतात क्लब काढणाऱ्यांनी आपली वर्गणी आणि तासाचा दर कसा आकारला जाणार, हे घटनेत नेमके लिहून त्याबाबत डीजीसीएकडून आधीच लेखी स्पष्टता घेणे हिताचे. नियम पुढे पाहू, ही वृत्ती येथे महागात पडते. कारण नोंदणीच्या वर्गाबाहेरचा वापर झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

उड्डाणाच्या दिवशीही मनात आले आणि निघालो, असे होत नाही. उड्डाण आराखडा दाखल करावा लागतो. हवाई संरक्षण यंत्रणेची मंजुरी आणि उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक घ्यावा लागतो. डोळ्यांनी जमीन पाहत उडायचे तर खालच्या थरांत किमान ५ किलोमीटर दृश्यमानता हवी आणि ढगांपासून ठरावीक अंतर राखावे लागते. जून ते सप्टेंबर या काळात कोकण आणि सह्याद्रीच्या माथ्यावर ही अट पूर्ण करणारे दिवस थोडे. प्रबळगड, माथेरान, कर्नाळा यांचे डोंगर ढगांत दडलेले असताना लहान विमानाने घाट ओलांडण्याचा प्रयत्न करणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. वर्षाचे नियोजन करताना क्लबने उड्डाणाचे महिने बारा नव्हे, आठच धरावेत.

भांडण रविवारच्या सकाळचे

क्लबमधील वाद बहुधा मोठ्या खर्चावरून सुरू होत नाहीत. ते सुरू होतात रविवारी सकाळी सात वाजता विमान कोणाला, या प्रश्नावरून. हवा शांत, आकाश स्वच्छ, सुट्टीचा दिवस. सर्वांना तीच वेळ हवी असते. म्हणून आरक्षणाची नियमावली विमान येण्यापूर्वी तयार हवी. एका सभासदाला एका वेळी सुट्टीच्या दिवसाची एकच आगाऊ नोंद, दोन-तीन दिवसांच्या लांब सफरीसाठी वर्षातून ठरावीक वेळा मुभा, आयत्या वेळी रद्द केल्यास दंड, असे साधे नियम बहुतेक वाद मिटवतात.

दुसरा कळीचा नियम नुकसानीचा. विम्यात पहिली काही रक्कम मालकालाच सोसावी लागते. ती क्लबने भरायची की विमान हाताळणाऱ्या सभासदाने? काही क्लब ती सभासदावर टाकतात. त्यात एक धोका आहे. खिशाला झळ बसणार असे दिसले, की माणूस लहान धक्का लपवतो. पंखाला लागलेला मार न सांगता विमान जागेवर ठेवून निघून गेलेला सभासद पुढच्याच्या जिवाशी खेळत असतो. म्हणून स्वतःहून कळवणाऱ्याला सवलत आणि लपवणाऱ्याचे सभासदत्व रद्द, अशी उलटी रचना अधिक सुरक्षित ठरते.

तिसरा नियम बाहेर पडण्याचा. सभासदाची बदली होते, आजारपण येते, हौस फिटते. त्याचा भाग कोण घेणार, किंमत कशी ठरणार, नवा सभासद नाकारण्याचा अधिकार इतरांना असेल का, तोवर वर्गणी कोण भरणार? सहमतीने सुरू झालेल्या अनेक भागीदाऱ्या या क्षणी मोडतात, कारण सुरुवातीला हे प्रश्न विचारणे कोणाला शिष्टाचाराला धरून वाटलेले नसते.

याशिवाय क्लबला तीन-चार कामाची माणसे लागतात : हिशेब ठेवणारा, देखभालीच्या तारखा सांभाळणारा, आरक्षण पाहणारा आणि सुरक्षिततेची जबाबदारी घेणारा. सोसायटीप्रमाणेच येथेही सभेला सर्व येतात, कामाला दोघेच उरतात. कामे फिरती ठेवली नाहीत तर तिसऱ्या वर्षी ते दोघेही थकतात.

‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे पद सुरक्षितता पाहणाऱ्याचे. विमान किंवा सभासद उड्डाणास योग्य नाही असे त्याला वाटले, तर उड्डाण थांबवण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे आणि त्यावर त्या दिवशी चर्चा होता कामा नये. भाग सर्वांचा समान असल्याने ‘विमान माझेही आहे’ हे वाक्य क्लबमध्ये लवकर ऐकू येते. ते मान्य केले की शिस्त संपते.

व्यावसायिक संस्थांतही देखरेख ढिली पडली तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेची मान्यता स्थगित केली. प्रशिक्षण संस्थेवर निदान नियामकाचे सतत लक्ष असते. खासगी क्लबमध्ये रोजचा नियामक म्हणजे सभासद स्वतःच.

म्हणूनच चांगले क्लब कायद्याहून कडक नियम स्वतःला लावून घेतात. ठरावीक दिवसांत एकदाही न उडालेल्या सभासदाने प्रशिक्षकासोबत तपासणी उड्डाण केल्याशिवाय एकट्याने उडू नये. उतरल्यावर आढळलेली प्रत्येक खोड, ती कितीही क्षुल्लक असो, नोंदवहीत लिहावी. नोंद झाली, की मान्यताप्राप्त अभियंत्याने पाहिल्याशिवाय विमान हलू नये. वर्षातून एकदा सर्वांनी इंजिन बंद पडण्याचा सराव करावा. हे नियम ऐकायला सोपे आहेत. सव्वातीनशे किलोमीटर गाडी चालवून धावपट्टीवर पोहोचलेल्या माणसाला, वाऱ्यामुळे आज उड्डाण नाही, हे ऐकवणे अवघड असते. क्लबची खरी परीक्षा त्या वेळी होते.

पनवेलकरांपुढील वाट

ज्याला हा व्याप झेपणारा नाही, त्याच्यासाठी इतर मार्ग आहेत. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत तासाप्रमाणे पैसे भरून उडणे हा सर्वांत सोपा. वर्षाला दहा-पंधरा तासच उडणाऱ्याला तो क्लबपेक्षा स्वस्तही पडतो. हडपसर येथील ग्लायडिंग सेंटरने इंजिनाविना उडण्याची गोडी अनेक पिढ्यांना लावली. कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंग चालते आणि ते पनवेलहून एक्स्प्रेस-वेने जवळ आहे. लहान विमानांवरही मोठी स्वप्ने पाहता येतात, याचे उदाहरण मुंबईनेच दिले आहे. उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये मायक्रोलाइट विमानाने लंडन ते अहमदाबाद उड्डाण केले होते.

तरीही ज्यांना सामायिक क्लबच काढायचा आहे, त्यांच्यासाठी क्रम स्पष्ट आहे. प्रथम एकमेकांवर विश्वास असलेली आणि खरोखर उडणारी आठ-दहा माणसे. मग धावपट्टी आणि हँगरचा लेखी करार. मग घटना व नियमावली. मग विमा आणि डीजीसीएच्या परवानग्यांची चौकशी. विमान सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाला, की विमान घेऊन जागा शोधत फिरण्याची वेळ येते आणि विमान ही रस्त्याकडेला उभी करून ठेवण्याची वस्तू नव्हे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही क्लबच्या हाती नाही. मुंबई महानगर परिसरात लहान विमानांसाठी स्वतंत्र, साधी धावपट्टी नाही. सेसनासारख्या विमानाला ३,७०० मीटर लागत नाहीत. हजार मीटरच्या आतली पट्टी, एक हँगर, इंधनाची सोय आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी शंकू एवढ्यावर त्याचे भागते. शंभर वर्षांपूर्वी जुहूच्या मोकळ्या मैदानावर याहून अधिक काही नव्हते. त्या मैदानावर हौसेने उडणाऱ्यांतूनच देशाची पहिली विमानसेवा उभी राहिली. पनवेलला आज देशातील मोठ्या विमानतळांपैकी एक लाभला आहे. पण त्याच पनवेलमधील खासगी वैमानिकाला आपल्या विमानाजवळ जायचे तर पहाटे उठून धुळ्याची वाट धरावी लागते. क्लबची घटना लिहिताना अंतराचा हा खर्च कोणत्या कप्प्यात टाकायचा, हे पहिल्याच सभेत ठरवून घेतलेले बरे.